एक आज्ञा, शंभर फाईली

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी कित्येकांस आश्चर्य वाटले असेल. ज्याने आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलांकडून बाराखडी गिरवून घेतली, ज्याचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिक व शिक्षकी पदविका यांपलीकडे गेले नाही, त्या गृहस्थाने संगणकाच्या आज्ञावल्यांविषयी बोलावे, हे धाडसच होय. परंतु ज्याच्या पायाला ठेच लागते, त्याला दगडाची जागा नेमकी ठाऊक असते. एवढ्याच अधिकारावर मी आज आपल्यापुढे उभा आहे.

सेवानिवृत्तीनंतर वेळ कसा घालवावा, हा प्रश्न मला पडला नाही. आमचा बुलढाणा जिल्हा तेरा तालुक्यांचा. आणि येथे राहणारा मनुष्य त्याचे दोन भाग करतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली, मेहकर, सिंदखेडराजा, लोणार हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हे खाली पूर्णेच्या खोऱ्यात. दोहोंकडे बोली वऱ्हाडी म्हणावयाची. तथापि कानाला फरक कळतो. शेताला वावर, मुलाला पोट्टा, डोळ्याला डोया म्हणणारी पिढी डोळ्यांदेखत ओसरत चालली, म्हणून तिच्या तोंडचे शब्द टिपून ठेवण्याचा मी नाद लावून घेतला. एकेका गावासाठी एकेक फाईल, अशा एकशे त्रेचाळीस फाईली जमल्या. त्यांत कसलीही सजावट नाही. केवळ साधा मजकूर. एका ओळीत एक शब्द, त्याचा अर्थ, आणि तो कोणत्या वाक्यात ऐकला ते वाक्य.

आता अडचण अशी उभी राहिली. आमच्या जिल्ह्याचे नाव कोणी ‘बुलडाणा’ लिहितात, कोणी ‘बुलढाणा’. मूळ नाव भिल्लठाणा असल्याचे सांगतात. पाट्यांवर, पत्रांवर आणि छापील मजकुरात दोन्ही रूपे आढळतात. मीही आरंभी एक लिहिले, मग दुसरे लिहू लागलो. संग्रहात एकच रूप असावे, असे शिक्षकी मनाने घेतले. एकशे त्रेचाळीस फाईली एकामागून एक उघडून दुरुस्त करावयाच्या, तर आठवडा जावयाचा. तेव्हा पुण्यास अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने सांगितले, “काका, हे काम एका ओळीत होते.”

ते खरे होते. संगणकास चित्रांवर बोट ठेवून नव्हे, तर आज्ञा टंकून काम सांगण्याची जुनी रीत आहे. त्या आज्ञा ऐकून घेणाऱ्या कार्यक्रमास शेल म्हणतात. त्याच्या हाताखाली ‘सेड’ नावाचे एक हत्यार असते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ली मॅकमहोन यांनी ते १९७४ च्या सुमारास घडविले. मजकुराची एक ओळ घ्यावयाची, सांगितलेला बदल करावयाचा, ओळ पुढे सोडावयाची आणि दुसरी घ्यावयाची, हा त्याचा धर्म. त्याचा भाऊबंद ‘ग्रेप’. तो बदल काही करीत नाही. सांगितलेला शब्द कोणकोणत्या फाईलीत, कोणत्या ओळीत आहे, एवढे शोधून देतो. या दोघांस एका कागदावर क्रमाने कामे लिहून दिली, म्हणजे ती झाली आज्ञावली. तरुण मंडळी तिलाच स्क्रिप्ट म्हणतात.

मी पहिली आज्ञावली लिहिली ती अशी: प्रत्येक फाईल घे, तिच्यात ‘बुलडाणा’ असेल तेथे ‘बुलढाणा’ कर, आणि निघालेला मजकूर त्याच फाईलीत परत लिही. निघालेला मजकूर फाईलीत लिहिण्यासाठी गणितातील ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह वापरतात. कळ दाबली. क्षणार्धात काम आटोपले. तक्रारीचा एक शब्द नाही. मी समाधानाने पहिली फाईल उघडली, ती रिकामी. दुसरी उघडली, ती रिकामी. एकशे त्रेचाळीस फाईली, नावे जागच्या जागी, आणि आत एक अक्षर नाही.

हे कसे झाले, ते समजून घेण्याजोगे आहे. ‘या फाईलीत लिही’ असे सांगितले, की शेल सर्वांआधी ती फाईल पुसून स्वच्छ करतो, आणि मगच सेडला हाक मारतो. सेड बिचारा वाचावयास जातो, तो पाटी कोरी! एखाद्या मुलास सांगावे, ‘फळ्यावरचा धडा शुद्ध करून याच फळ्यावर लिही,’ आणि त्याने आधी फळा पुसावा, मग धडा शोधीत बसावे, तशातला प्रकार. दोष सेडचा नव्हे, शेलचाही नव्हे. दोघांनी आपापले काम चोख केले.

पुतण्यास दूरध्वनी केला. त्याने पहिला प्रश्न विचारला, “काका, तुम्ही आधी प्रत काढून ठेवली होती ना?”

माझ्याजवळ प्रत होती. परंतु ती सहा आठवड्यांपूर्वीची. या सहा आठवड्यांत मी मेहकर तालुक्यातील एका खेड्यात नव्वदी उलटलेल्या आजीबाईंकडे चार संध्याकाळ बसलो होतो. तिफण, वखर, डवरा यांच्या एकेका भागाचे नाव त्यांना ठाऊक होते. कोणता भाग कोणत्या लाकडाचा करीत, तेही त्या सांगत. ते सारे मी थेट संगणकावर लिहिले होते. आणि आज्ञावली चालविली त्याच्या दहा दिवस आधी आजीबाई वारल्या होत्या. एका वहीच्या पाठीमागे पेन्सिलीने खरडलेले एकोणीस शब्द तेवढे हाती लागले. बाकीचे गेले. विचारावे तरी कोणाला?

श्रोतेहो, करुणा उत्पन्न करण्यासाठी मी हे सांगत नाही. यंत्राच्या चुका शोधण्याच्या विद्येतील पहिला नियम मी कोणत्या किमतीस घेतला, ते आपणांस कळावे म्हणून सांगतो. नियम असा: आज्ञा देण्यापूर्वी सर्व फोल्डरची प्रत काढावी, ती निराळ्या जागी ठेवावी, आणि ती उघडते की नाही हे एकदा पाहावे. बाकीच्या साऱ्या युक्त्या यानंतर.

जुन्या प्रतीवरून मी पुनश्च आरंभ केला. सेडला जागच्या जागी बदल करण्याची एक खूण देता येते. डॅश देऊन इंग्रजी ‘आय’ हे अक्षर लिहावयाचे. त्या ‘आय’ला चिकटून, मध्ये जागा न सोडता, टिंब आणि ‘बॅक’ असे काही शेपूट जोडले, तर मूळ फाईल त्या शेपटीच्या नावाने शिल्लक राहते. शेपूट चिकटवूनच लिहावे, कारण ही रीत लिनक्सवर आणि मॅक संगणकावर सारखीच चालते. शेपटीवाचून नुसती खूण दिली, तर लिनक्स ती मान्य करतो; मॅक मात्र पुढचा शब्दच शेपूट समजतो, आणि मग जी तक्रार पडद्यावर येते, तिचा अर्थ पंडितासही लागत नाही. येथेही एक खाच आहे. तीच आज्ञा दुसऱ्यांदा चालविली, की राखून ठेवलेल्या मुळावर बदललेली प्रत जाऊन बसते, आणि मूळ कायमचे नाहीसे होते. तेव्हा शेपटीची प्रत ही घाईच्या वेळची सोय समजावी. निराळ्या जागी ठेवलेली प्रत ती खरी ठेव.

या वेळी फाईली शाबूत राहिल्या. पण दुरुस्ती अर्धवट झाली. एका ओळीत ‘बुलडाणा’ दोनदा आला असेल, तर पहिला बदलला, दुसरा तसाच. सेडची मूळ समजूतच अशी, की ओळीतील पहिला मिळाला म्हणजे काम झाले. सर्व बदलावयाचे, तर आज्ञेच्या शेवटी ‘जी’ हे अक्षर लिहावे लागते. हा दोष सोपा. पुढचा मात्र आपल्या मराठीचा खास आहे.

‘बुलडाण्यात’, ‘बुलडाण्याला’, ‘बुलडाण्याहून’ हे शब्द एकही बदलले नाहीत. का? मुलांना मी जन्मभर शिकविले, की विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते, घोडा, घोड्यास, तद्वत् बुलडाणा, बुलडाण्यास. शेवटचा ‘णा’ जातो आणि ‘ण्या’ येतो. यंत्र अक्षर जुळवून पाहते. त्याला व्याकरण ठाऊक नाही. ‘बुलडाणा’ शोध म्हटले, तर ते ‘बुलडाण्यात’ पाशी थांबत नाही. उपाय असा, की शब्दाचा न बदलणारा भाग तेवढा सांगावा: ‘बुलडाण’ जेथे असेल तेथे ‘बुलढाण’ कर. मग सर्व विभक्ती आपोआप सुधारतात.

तसे केले, आणि सारे सुधारले. इतके सुधारले, की माझ्याच प्रस्तावनेतील एक वाक्य असे झाले: ‘आमच्या जिल्ह्याचे नाव कोणी बुलढाणा लिहितात, कोणी बुलढाणा.’ हसू आले, आणि भीतीही वाटली. जेथे चुकीचे रूप मुद्दाम दाखवावयाचे होते, तेथेही यंत्राने इमानेइतबारे ते शुद्ध केले होते. असाच दुसरा प्रसंग ‘माय’ या शब्दाचा. अर्थाच्या रकान्यात काही ठिकाणी मी ‘माय’ लिहिले होते. तेथे ‘आई’ असावे म्हणून आज्ञा दिली. थोड्या वेळाने एका फाईलीत ‘राआईण’ नावाचा ग्रंथ दिसला. ‘रामायण’ या शब्दाच्या पोटात ‘माय’ आहे, हे चाळीस वर्षांत माझ्या ध्यानी आले नव्हते. यंत्राच्या ते एका निमिषात आले. म्हणून आखूड शब्द बदलण्याआधी तो कोणकोणत्या मोठ्या शब्दांत दडला आहे, ते ग्रेपकडून पाहून घ्यावे, आणि पुढेमागे मोकळी जागा अथवा विरामचिन्ह असेल तरच बदल, अशी अट घालावी.

आता सर्वांत गूढ प्रकरण सांगतो. आमच्या प्रांताचे नाव वऱ्हाड. संग्रहात हा शब्द शेकडो ठिकाणी असावयास हवा. ग्रेपने दाखविला तो थोड्याच ठिकाणी. फाईल उघडून पाहावी, तो समोर ढळढळीत ‘वऱ्हाड’ लिहिलेला. आणि ग्रेप म्हणतो, येथे नाही. डोळ्यांवर विश्वास ठेवावा, की यंत्रावर?

दोघेही खरे होते. १९९१ साली युनिकोड नावाची वर्णसंहिता प्रसिद्ध झाली, आणि तीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतंत्र क्रमांक मिळाला. परंतु ‘वऱ्हाड’ मधील तो अर्धचंद्रासारखा र पडद्यावर उमटविण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत. एका वाटेत ‘ऱ’ असा खास वर्ण घेऊन त्यास हलन्त चिन्ह लावतात. दुसरीत साधा ‘र’, हलन्त, आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. तिसरीत साधा ‘र’, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. छापून पाहिले तर तिन्ही सारखे; यंत्राच्या पोटात मात्र तीन निराळे शब्द. मी काही फाईली संगणकाच्या कळफलकावर लिहिल्या होत्या, काही भ्रमणध्वनीवर, काही दुसऱ्यांकडून आल्या होत्या. त्यामुळे ही भेसळ झाली.

हे ओळखावे कसे? मोजून. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये योजिलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. पहिल्या वाटेने लिहिलेल्या ‘वऱ्हाड’ मध्ये सहा चिन्हे, म्हणजे अठरा बाइट. उरलेल्या दोन्ही वाटांनी सात चिन्हे, म्हणजे एकवीस. शब्द एकटा घेऊन त्याचे बाइट मोजण्याची आज्ञा दिली, की अठरा आणि एकवीस हे आकडे समोर येतात, आणि भुताचा उलगडा होतो. खास ‘ऱ’ आणि नुक्त्याचा ‘र’ यांना संहितेने समान मानले आहे, म्हणून प्रमाणीकरणाच्या तयार साधनाने ते एकरूप होतात. अदृश्य चिन्हाचे रूप मात्र त्याने हलत नाही. त्यासाठी निराळी आज्ञा द्यावी लागते. तात्पर्य, दिसते ते आणि असते ते एकच, असे मजकुराच्या बाबतीत गृहीत धरू नये.

किरकोळ अडथळे भराभर सांगतो. फाईलीच्या नावात मोकळी जागा असेल, उदाहरणार्थ ‘मेहकर जुने शब्द’, तर शेल त्याला तीन निराळ्या फाईली समजतो आणि ‘अशी फाईल नाही’ म्हणून तीनदा कळवितो. नाव नेहमी अवतरणचिन्हांत ठेवावे. ती चिन्हेही साधी, सरळ हवीत. भ्रमणध्वनीवरील निरोपातून उतरवून घेतलेली वाकडी, शोभिवंत चिन्हे शेलला कळत नाहीत. विंडोज संगणकावरून आलेल्या फाईलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचे अदृश्य चिन्ह असते. त्यामुळे ‘ओळीच्या शेवटचा स्वल्पविराम काढ’ ही आज्ञा निष्फळ होते, कारण यंत्राच्या दृष्टीने तो स्वल्पविराम शेवटी नसतोच. काही फाईली यूटीएफ-१६ या दुसऱ्याच पद्धतीने साठविलेल्या असतात, आणि काही जुन्या छपाईच्या टंकांत, ज्यांत दिसावयास मराठी आणि आत इंग्रजी अक्षरे. त्यांत मराठी शब्द कितीही शोधा, सापडावयाचा नाही. म्हणून फाईल कोणत्या जातीची आहे, हे आधी विचारून घ्यावे. त्यासाठी ‘फाईल’ याच नावाची आज्ञा आहे.

एवढे करूनही आज्ञावली मध्येच अडू लागली, तर? माझी एकदा अडली; दोष कोणत्यातरी एका फाईलीत होता. अशा वेळी फाईलींचे दोन भाग करावे आणि एकाच भागावर आज्ञा चालवून पाहावी. दोष ज्या भागात आढळेल, त्याचे पुन्हा दोन भाग. एकशे त्रेचाळीस फाईली असल्या, तरी फार तर आठ फेऱ्यांत अपराधी सापडतो. वर्गात खडू कोणी फेकला, हे प्रत्येक मुलास विचारीत बसण्यापेक्षा ही रीत कितीतरी बरी.

आता मी पाळतो तो क्रम सांगतो. प्रथम प्रत. नंतर ग्रेपकडून यादी: शब्द कोठे, किती वेळा. मग फाईलीस हात न लावता सेडला नुसते पडद्यावर दाखवावयास सांगणे. मग एकाच फाईलीवर खरा बदल. मग ‘डिफ’ नावाच्या आज्ञेने जुनी व नवी फाईल ताडून पाहणे. ती फरक असलेल्या ओळीच तेवढ्या दाखविते. मग सर्व फाईली, आणि शेवटी पुन्हा मोजणी. यादीत जितकी ठिकाणे होती, तितकीच बदलली काय? एक कमी नको, एक जास्त नको. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली केलेले ‘गिट’ हे साधन ज्यांना जमेल, त्यांनी ते अवश्य शिकावे. प्रत्येक टप्प्याची नोंद त्यात राहते आणि हवे तेव्हा मागे फिरता येते. मी ते साठी उलटल्यावर शिकलो.

शेवटी एक गोष्ट कबूल करावयाची आहे. मराठी लेखनाचे नवे नियम १९६२ साली आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गळाले. त्यापूर्वीचे काही उतारे माझ्या संग्रहात होते. मी आज्ञा दिली, की शब्दाच्या शेवटी असलेला प्रत्येक अनुस्वार काढून टाक. ‘नाहीं’ चे ‘नाही’ झाले, ठीक झाले. पण ताडून पाहताना दिसले, की आजीबाईंच्या तोंडचे ‘केलं’ हे ‘केल’ झाले आहे, आणि ‘पोट्टं’ हे ‘पोट्ट’. ते अनुस्वार अनुच्चारित नव्हते. ते त्यांच्या आवाजाचे होते. या वेळी प्रत जवळ होती, म्हणून दोन मिनिटांत सारे पूर्ववत केले. परंतु हात कळफलकावर तसाच राहिला. जन्मभर तांबड्या शाईने शुद्धलेखन तपासणारा मी, यंत्र हाती येताच एका क्षणात एका पिढीची बोली शुद्ध करावयास निघालो होतो.

तेव्हापासून ऐकलेल्या वाक्यांच्या रकान्यास कोणतीही आज्ञा शिवत नाही, अशी अट मी प्रत्येक आज्ञावलीत घालतो. अर्थ माझे आहेत, ते मी सुधारीन. वाक्ये ज्यांची आहेत, त्यांची राहोत. वहीतले ते एकोणीस शब्द एका निराळ्या फाईलीत आहेत, आणि तिच्या प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. त्यांपैकी एक कागदावर आहे, शाईने लिहिलेली.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असा काही संग्रह असेल, वंशावळी असतील, ओव्या असतील, शेतीचे हिशेब असतील, तर त्यांनी आज रात्री निजण्यापूर्वी त्याची एक प्रत काढावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.